वावरात पळणारी बग्गी घरच्या शेडात बांधायची असेल तर: जुन्या मारुती ८०० पासून, पायरी-पायरीने

ही माहिती एकाच प्रकारच्या बग्गीची आहे. पाईपची चौकट, दोन सीट, मागे मारुती ८०० चं इंजिन-गिअरबॉक्स आणि चारही चाकांना वेगवेगळे शॉकअप. दुचाकीचं इंजिन स्वस्त पडतं, पण त्याला बहुधा रिव्हर्स नसतो, आणि उघडी चेन काळ्या मातीत आठ दिवसांत रडायला लागते. ऑटोरिक्षाच्या इंजिनाला रिव्हर्स असतो, पण दोन माणसं बसवून नांगरलेल्या वावरात घातलं की ते धापा टाकतं. मारुती ८०० डिसेंबर १९८३ ला आली आणि जानेवारी २०१४ ला बंद झाली. तीस वर्षं एकच गाडी बनत राहिल्यामुळे तिचे पार्ट आजही तालुक्याच्या गावी मिळतात आणि तिचं इंजिन उघडणारा मिस्त्री चार कोसांत सापडतो.

## १. आधी कागद

घरी बांधलेल्या गाडीची आरटीओत नोंदणी होईल या भरवशावर एक रुपयाही घालू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणीशिवाय सार्वजनिक जागी गाडी चालवता येत नाही. कलम ५२ मूळ कंपनीच्या तपशिलात बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे लावलं. २०२१ च्या शेवटी सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून छोटी जीप बनवली, तिचा व्हिडिओ देशभर फिरला. तेव्हा आनंद महिंद्रांनी कौतुक करतानाच सांगितलं होतं की नियमात बसत नाही म्हणून ही गाडी आज ना उद्या अडवली जाईल, आणि बदल्यात बोलेरो देऊ केली.

म्हणून ही बग्गी स्वतःच्या वावरात, धुऱ्याच्या (बांधाच्या) आत चालवायची. पांदण रस्ता आपलाच वाटतो, पण तो गावनकाशावर असेल तर सार्वजनिकच. दुसऱ्या वावरात न्यायची असेल तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवून न्या. ताडोबा, मेळघाट, पेंच, टिपेश्वरच्या आसपास शेत असेल तर जंगलाच्या हद्दीत चाकही जाऊ देऊ नका. तिथे वन्यजीव कायदा लागतो आणि गाडी जप्त होते.

डोनर गाडी (जिचे पार्ट काढायचे ती) घेताना हे हातात घ्या:

- मूळ आरसी आणि मालकाच्या ओळखपत्राची प्रत
- स्टॅम्पपेपरवर विक्रीपत्र, त्यात चेसिस नंबर व इंजिन नंबर
- आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी
- कलम ५५ खाली आरटीओने नोंदणी रद्द केल्याचा कागद

शेवटचा कागद बहुतेक जण टाळतात. तो नसेल तर तुम्ही कापून टाकलेली गाडी कागदावर जिवंतच राहते आणि तिचा कर, तिचे दावे मूळ मालकाच्या दारात येतात. तो मग तुमच्या दारात येतो. चेसिस नंबरचा पत्रा कापून जपून ठेवा, नोंदणी रद्द करताना तो मागतात. भंगारातून सुटं इंजिन घ्यायचं असेल तर इंजिन नंबर लिहिलेलं बिल घ्या. बिल न देणाऱ्याकडचं इंजिन कितीही स्वस्त असो, तिथेच ठेवा.

## २. जागा, लाइन आणि हत्यारं

पंधरा फूट बाय वीस फूट टिनाचं शेड पुरतं. खाली सपाट कोबा हवाच, कारण चौकटीची मापं जमिनीवरून घेतली जातात. जमीन वाकडी असेल तर दोन आय-बीम किंवा जाड चॅनल समांतर टाकून लेव्हल पाईपने पातळी करा आणि त्यावर बांधा.

सिंगल फेजवर चालणारं २०० अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन चालतं. ८० अँपिअरवर ते जवळपास अडीच-तीन किलोवॉट ओढतं. घोटाळा मशीनमध्ये क्वचितच असतो, वायरमध्ये असतो. घरातून शेडापर्यंत शंभर फूट बारीक वायर टाकली की संध्याकाळी व्होल्टेज पडतं, आर्क तुटतो, आणि जोड वरून चांगला दिसूनही आत चिकटलेला नसतो. ४ चौरस मिमीची तांब्याची वायर टाका, अर्थिंग नीट करा. आकडा टाकून वेल्डिंग करणाऱ्याने हा लेख इथेच सोडावा.

हत्यारं: चार इंची हँडग्राइंडर दोन (एकावर कटिंग चाक, एकावर घासायचं), ड्रिल, गुण्या, मॅग्नेट गुण्या, लेव्हल पाईप, ओळंबा, गोटी पान्यांचा सेट, टॉर्क पाना, चेन कुप्पी, चार मजबूत घोड्या (गाडी उचलून ठेवायचे स्टँड). आपोआप काळी होणारी वेल्डिंग काच घ्या. पाईप वाकवायचं हायड्रॉलिक मशीन विकत घेऊ नका, दोन दिवस भाड्याने पुरतं.

## ३. डोनर गाडी निवडणं आणि उकलणं

पहिल्यांदा बांधणाऱ्याने कार्ब्युरेटरवालं मॉडेल घ्यावं. एमपीएफआय (कॉम्प्युटरने पेट्रोल फवारणारं) इंजिन जास्त चांगलं चालतं, पण त्याची अख्खी वायरिंग, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि सेन्सर जसेच्या तसे हलवावे लागतात, आणि एखादा सेन्सर रुसला की शोधत बसावं लागतं. कार्ब्युरेटरच्या ७९६ सीसी इंजिनाला इग्निशन, स्टार्टर, अल्टरनेटर आणि पंख्याची वायर मिळाली की काम भागतं.

गाडी चालू असतानाच बघा. सगळे गिअर आणि रिव्हर्स पडतात का, स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवल्यावर चाकाकडून टकटक येते का (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, म्हणजे ड्राइव्हशाफ्टचा, सीव्ही जॉइंट गेलेला), गरम झाल्यावर निळा धूर येतो का. बॉडी कितीही सडलेली असू द्या.

उकलण्याआधी प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून नाव लिहा आणि फोटो काढा. इंजिन, गिअरबॉक्स, दोन्ही ड्राइव्हशाफ्ट, नकल (चाकाचा हब धरणारा भाग), लोअर आर्म (नकलला खालून गाडीशी जोडणारा), स्टॅबिलायझर बार, स्ट्रट (स्प्रिंगसकट शॉकअप), स्टिअरिंग रॅक आणि कॉलम, पेडल बॉक्स, मास्टर सिलिंडर, पंख्यासकट रेडिएटर, मीटर, सीट, सगळं ठेवा. मूळ गाडीचा पुढचा भाग आता बग्गीच्या मागे जाणार, म्हणून पुढच्या चाकांसाठी ८०० च्याच नकल, आर्म, स्ट्रटची आणखी एक जोडी भंगारातून लागेल.

इथे एक फसगत होते. पुढच्या चाकांना ड्राइव्हशाफ्ट नको म्हणून लोक ते पूर्ण काढून टाकतात. पण हबचं बेअरिंग त्या शाफ्टच्या टोकाच्या नटानेच आवळलेलं असतं. शाफ्ट काढला की बेअरिंग ढिलं पडतं आणि चाक डगमगायला लागतं. बाहेरचा जॉइंट कापून त्याचा दांड्याचा भाग हबमध्येच ठेवा आणि नट पूर्ण आवळून लॉक करा.

## ४. बांबूची बग्गी

पाईपला हात लावण्याआधी अख्खी चौकट बांबूच्या कामट्या आणि सुतळीने बांधा. गडचिरोली-गोंदियाकडे बांबू दारातच आहे, बाकीच्यांनी इलेक्ट्रिकचा पीव्हीसी पाईप वापरावा. सीट ठेवा, घरातला सगळ्यात उंच माणूस हेल्मेट घालून बसवा. डोक्यापासून वरच्या पाईपापर्यंत १५० मिमी, खांद्यापासून बाजूच्या पाईपापर्यंत ७५ मिमी जागा उरली पाहिजे. पेडल दाबून बघा, पाच सेकंदांत बाहेर निघता येतं का तेही बघा.

पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, मूळ गाडीत २१७५ मिमी होतं. बग्गीत २००० ते २१०० ठेवा. मागच्या दोन चाकांमधली रुंदी तुमच्या हातात नाही, ती ड्राइव्हशाफ्टची लांबी ठरवते. पुढची रुंदी मागच्यापेक्षा थोडी जास्त चालते, कमी नको.

उंचीचा मोह आवरा. १४५/७० आर १२ टायरची उंची ५०८ मिमी, म्हणजे चाकाचा मध्य जमिनीपासून जेमतेम २५० मिमीवर. इंजिनाखाली १८० ते २०० मिमी मोकळे मिळाले तर भरपूर झाले. जास्त उचललं की ड्राइव्हशाफ्ट तिरके होतात, रबर फाटतात आणि बग्गी धुऱ्यावर कलते. मोठी चाकं लावायची असतील तर आधी नटांचं वर्तुळ मोजा. जिप्सीची चाकं दिसायला छान, पण त्यांना पाच नट आणि ८०० च्या हबला चार.

## ५. पाईप कोणता, किती

नागपुरात इतवारीच्या लोहा ओळीत किंवा अकोला-अमरावतीच्या दुकानात 'एक इंची बी क्लास' मागितला की आयएस १२३९ चा २५ एनबी (एनबी म्हणजे आतल्या व्यासाचं नाममात्र माप) पाईप मिळतो. त्याचा बाहेरचा व्यास एक इंच नसतो, ३३.७ मिमी असतो. जाडी ३.२ मिमी, वजन मीटरला साधारण २.४ किलो. सहा मीटरचे सहा नग, म्हणजे ३६ मीटर, जवळपास ८७ किलो. एवढ्यात चौकट होते. आडव्या-तिरप्या आधारांना २० एनबी पुरतो, त्याचे दोन-तीन नग घ्या.

डोक्यामागची मुख्य कमान मात्र सीमलेस (लांबीला जोड नसलेल्या) पाईपचीच करा, ३ मिमीपेक्षा पातळ नको. पाण्याचा पाईप दाबासाठी बनतो, उलटलेल्या गाडीचं वजन झेलायला नाही. महाविद्यालयांच्या बाहा (विद्यार्थ्यांनी बांधलेल्या बग्ग्यांच्या) स्पर्धेतसुद्धा मुख्य पाईपला किमान ३ मिमी जाडी आणि ०.१८ टक्के कार्बन मागतात. नग उचलताना व्हर्नियर लावून जाडी मोजा, 'बी' म्हणून 'ए' देणारे कमी नाहीत.

जीआय (जस्ताचा मुलामा असलेला) पाईप फुकट मिळाला तरी नको. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री हिवताप आल्यासारखी थंडी वाजते. काळाच पाईप घ्या.

## ६. वाकवणं, खाच, वेल्डिंग

वाकवायच्या मशीनचा डाय ३३.७ मिमीचाच हवा. ३२ च्या फर्निचर पाईपचा डाय लावला की पाईप चेपतो. वळणाची त्रिज्या व्यासाच्या चौपटीपेक्षा कमी ठेवू नका. आतल्या बाजूला सुरकुती पडलेला तुकडा फेकून द्या, उलटल्यावर तो तिथूनच मोडतो. गॅसने तापवून वाकवत असाल तर पाईपात कोरडी रेती ठासून भरा. ओली रेती असेल तर वाफ होऊन लाकडी बूच बंदुकीच्या गोळीसारखं उडतं.

पाईपाला पाईप भिडतो तिथे तोंडाला अर्धगोल खाच घ्या. फट एक मिमीपेक्षा जास्त राहिली तर पाईप नवीन कापा. रॉड पाजून फट बुजवलेला जोड वरून फुगलेला दिसतो आणि आत पोकळ असतो.

रॉड ई-६०१३, २.५ मिमी, ७० ते ८५ अँपिअर. पावसाळ्यात उघड्या पुड्यातले रॉड ओल धरतात, त्यामुळे छिद्रं पडतात. हवाबंद डब्यात ठेवा. आधी पाच-सहा जोड रद्दी पाईपावर करा, जोडातला एक पाईप शिकंज्यात धरून दुसऱ्यावर घण मारा. पाईप वाकला पण जोड तसाच राहिला तर चौकटीला हात लावा. जोड सुटला तर गावातल्या चांगल्या वेल्डरला मजुरी द्या. त्यात कमीपणा नाही.

क्रम असा: आधी तळाचा आयत, मग मुख्य कमान, मग पुढची कमान, मग वरचे पाईप, शेवटी तिरपे आधार. सगळं फक्त टॅक मारून (वेल्डिंगचे छोटे टिपके देऊन) उभं करा. दोन्ही कर्ण मोजा, फरक ३ मिमीच्या आत हवा. मग इंजिन, चाकं, सीट बसवून बघा. त्यानंतरच पूर्ण वेल्डिंग, तेही एका कोपऱ्यात थोडं, लगेच समोरच्या कोपऱ्यात थोडं. एका बाजूने सरळ ओढत गेलात तर चौकट केळ्यासारखी वाकते आणि मग बग्गी कायम एका अंगाने पळते. चार पाईप भेटतात तिथे ३ मिमी पत्र्याचा त्रिकोणी तुकडा द्या.

## ७. इंजिन बसवणं

इंजिन मूळ गाडीत आडवं असतं. ते जसं होतं तसंच मागे सरकवा. जागेसाठी १८० अंशांत फिरवलं तर चाकं उलटी फिरतात, म्हणजे सगळे गिअर मागे जायला आणि एकच पुढे.

मूळ रबर माउंटिंगच वापरा. थेट बोल्टने कसलं तर हादऱ्याने आठवड्यात जोडाला चीर जाते. चाकं जमिनीवर असताना ड्राइव्हशाफ्ट शक्य तेवढे आडवे दिसले पाहिजेत. चाक पूर्ण खाली लोंबल्यावर आतला जॉइंट बाहेर ओढला जात नाही ना, हे स्प्रिंग काढून हाताने तपासा. जात असेल तर जाड पट्ट्याने चाकाचं लोंबणं रोखा.

गिअरचा दांडा मूळ गाडीत मागे केबिनकडे येतो. आता केबिन पुढे आहे, म्हणून तो इंजिनाखालून फिरवून आणावा लागतो. मध्ये एक लीव्हर आला की दिशा उलटते, पहिला जिथे होता तिथे दुसरा पडतो. दोन लीव्हर घातले की सुलट होतं. दांडा खाली लटकतो, त्याखाली ३ मिमीची प्लेट हवीच, नाहीतर पहिलंच ढेकूळ तो वाकवेल.

## ८. चाकं, आर्म, स्टिअरिंग

८०० चा लोअर आर्म एकटा चाकाला पुढे-मागे धरून ठेवत नाही, ते काम स्टॅबिलायझर बार करतो. नुसता आर्म लावून बार सोडून दिला तर ब्रेक मारताच चाक मागे सरकतं. बार लावा किंवा आर्मला पुढे जाणारा दुसरा पाय जोडून त्रिकोण करा.

मागच्या नकलना स्टिअरिंगचे हात तसेच असतात. ते एकमेकांना जोडायचे नाहीत. प्रत्येक हात वेगळ्या टाय रॉडने चौकटीला बांधा, आणि त्या रॉडची लांबी व तिरकेपणा लोअर आर्मइतकाच ठेवा. तो जुळला नाही तर प्रत्येक उंचवट्यावर मागची चाकं आपल्या मनाने वळतील.

पुढे रॅक मूळ गाडीत चाकाच्या ज्या बाजूला होता त्याच बाजूला ठेवा. बाजू बदलली तर डावीकडे फिरवल्यावर बग्गी उजवीकडे जाते.

पुढच्या स्प्रिंग मूळ गाडीत इंजिन पेलत होत्या, आता पुढे वजनच नाही. त्या लोखंडासारख्या ताठ वाटतात. मग लोक दोन वेटोळे कापतात. वेटोळे कापले की स्प्रिंग आणखी ताठ होते. मऊ हवी तर बारीक तारेची बनवून घ्या. तार दहाची नऊ मिमी झाली तरी ताठपणा तिसऱ्या हिश्शाने उतरतो. स्प्रिंगला गॅसकटर कधीच लावू नका.

बोल्ट ८.८ छापाचेच, नट नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले, हादऱ्याने न सुटणारे). किलोवर मिळणारे साधे बोल्ट आर्मला लावायचे नाहीत. दोरी लावून चाकांची दिशा मोजा. मागची चाकं पुढच्या बाजूने २-३ मिमी आत, पुढची सरळ किंवा १-२ मिमी आत.

## ९. ब्रेक

चारही नकल ८०० च्या पुढच्या चाकांच्या, म्हणून चारही चाकांना आता डिस्क आहे. मूळ मास्टर सिलिंडर दोन डिस्क आणि दोन ड्रमसाठी होता, त्यामुळे पेडल जास्त खाली जातं. मोठ्या बोअरचा सिलिंडर लावा. एक लाइन पुढे, एक मागे. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) नको असेल तर पेडलचं तरफेचं प्रमाण ६:१ ठेवा. पाईप स्टीलचेच, हलत्या जागी रबराचा होज.

मुरमावर वीसच्या वेगाने ब्रेक दाबा. पुढची चाकं आधी थांबली पाहिजेत. मागची आधी जाम झाली तर मागच्या लाइनमध्ये दाब कमी करणारा व्हॉल्व्ह टाका. मूळ गाडीच्या पुढच्या कॅलिपरना हँडब्रेक नसतो, म्हणजे या बग्गीला हँडब्रेकच उरत नाही. सीटखाली दोन लाकडी गुटके कायम ठेवा.

## १०. पाणी, पेट्रोल, वायरिंग

विदर्भात बग्गी मरते ती बहुधा गरम होऊन. नवतपाच्या दिवसांत बाहेर ४५ अंश, आणि इंजिन माणसांच्या पाठीमागे, जिथे वारा पोचत नाही. रेडिएटर सीटमागे उंच, बाजूला बसवा आणि पत्र्याची नळी करून बाहेरचा वारा त्यावर आणा. पंखा मूळ स्विचवर आणि शिवाय हाताच्या बटणावरही घ्या. पाणी भरायचं तोंड सगळ्यात उंच असलं पाहिजे, नाहीतर हवा अडकते आणि मीटर थंड दाखवत असताना हेड वाकतं. पुढे डासांची जाळी लावा, काढता येईल अशी. वेचणीच्या दिवसांत कापसाचा भुगा तासाभरात रेडिएटर बुजवतो. पाणी बोअरचं नको, खारपाणपट्ट्यात तर अजिबात नको. कूलंट आणि बॅटरीचं पाणी निम्मं-निम्मं. एअर फिल्टर डोक्याच्या उंचीवर न्या.

पेट्रोलची टाकी सायलेन्सरपासून दूर, आणि टाकी-इंजिन व माणसं यांच्यामध्ये पूर्ण पत्र्याची भिंत. जुन्या टाकीला वेल्डिंग करू नका, रिकामी वाटली तरी आत वाफ असते. २ किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक हाताशी हवं.

फ्यूज बॉक्स मूळ गाडीचाच. बंद करायचं बटण दोन जागी: एक चालवणाऱ्याजवळ, एक बाहेरून पोचेल असं. चौकटीवर पुन्हा वेल्डिंग करताना बॅटरीच्या तारा आधी काढा, नाहीतर अल्टरनेटर जातो.

## ११. सीट आणि पट्टे

पट्टा चौकटीलाच बांधा, सीटला नाही. खांद्यावरून जाणारे दोन आणि कमरेचे दोन, असा चार टोकांचा घ्या. हात बाहेर जाऊ नयेत म्हणून दोन्ही बाजूंना जाळी. डोक्याजवळच्या पाईपला जाड फोम. रंग सगळ्यात शेवटी, कारण रंगाखाली चीर दिसत नाही.

## १२. पहिली फेरी

वाफशावर आलेलं किंवा कोरडं वावर निवडा. ओली काळी माती चाकांच्या आणि आर्मच्या मध्ये इतकी भरते की चाक फिरायचंच थांबतं. आधी पायी फिरून उघड्या, कठडा नसलेल्या विहिरी, ठिबकच्या नळ्या, डुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या तारा यांच्याजवळ लाल कापड बांधा. पोरांना धुऱ्यापलीकडे उभं करा.

अर्धा तास फक्त पहिल्या गिअरमध्ये, हेल्मेट आणि पट्टा लावून. थांबा, गाडी घोडीवर घ्या, प्रत्येक नट टॉर्क पान्याने बघा, प्रत्येक जोडावर कापड फिरवा. बारीक चिरेत धागा अडकतो. मग एक तास दुसऱ्या गिअरमध्ये, पुन्हा तीच तपासणी. दहा तास झाल्यावर इंजिन आणि गिअरबॉक्सचं तेल बदला, आणि काढलेलं गिअर तेल पांढऱ्या थाळीत ओतून लोखंडाचा चुरा किती निघतो ते बघा.